माहेरची शेगडी

बायकोच्या माहेराहून आलेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत, हा धडा मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात एका पोचे पडलेल्या पितळी डब्याच्या निमित्ताने शिकलो होतो. त्यामुळे गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या टेम्पोतून चार माणसांनी एक झाकणाची, चार पायांची, दोन्ही बाजूंना पंख फुटलेली आणि जागोजागी गंजलेली लोखंडी पेटी आमच्या लातूरच्या अंगणात उतरवली, तेव्हा मी फक्त "वा" एवढेच म्हणालो. शेजाऱ्यांवर असे कोणतेही बंधन नव्हते. ते कुंपणावरून वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी आपुलकीने विचारले, "सर, रिटायर झाल्यावर इस्त्रीचा गाडा टाकायलाव का?"

ती पेटी म्हणजे गॅसवर चालणारे बार्बेक्यू होते. माझा मेहुणा बरीच वर्षे ह्यूस्टनला होता आणि परत येताना त्याने घरच्या सामानाबरोबर तेही जहाजातून आणले. पुण्यात त्याच्या सोसायटीने गॅलरीत असले काही पेटवायला मनाई केली, म्हणून ते गच्चीवर ताडपत्रीखाली गेले आणि तिथे त्याने सहा पावसाळे काढले. फोनवर मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं अंगण आहे, येळवशीला शेत आहे. थोडं साफसूफ केलं की झालं." येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा आमच्याकडचा सण. माझी पत्नी तेरची. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी, गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. गोरोबाकाकांच्या गावचा मुलगा असल्या यंत्रावर काय भाजत असेल, अशी शंका माझ्या आईने काढताच पत्नीने तिचे तत्काळ निरसन केले. "मक्याची कणसं आणि पनीर," ती म्हणाली, आणि तो विषय तिने तरी कायमचा मिटवला.

दिवाळीच्या सुट्टीत मी कामाला लागलो. मी शाळेत इतिहास शिकवतो, तेव्हा पान्याशी माझा संबंध सायकलपुरताच. पहिल्याच नटाला अकराचा पाना बसेना आणि बाराचा गरगर फिरू लागला. तासभर झटल्यावर माझ्या लक्षात आले की अमेरिकेतले नट अजूनही इंचांत मोजले जातात. सात सोळांश इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर, आणि या शून्य पूर्णांक एक मिलिमीटरने माझ्या उजव्या हाताची चार बोटे सोलून काढली. शेवटी गंजगोलाईत हिंडून इंची पान्यांचा एक जुना संच मिळवला. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात असे म्हणतात, आणि पान्याचे दुकान नेहमी सोळाव्या रस्त्यावर असते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. नट तरीही हलेनात, म्हणून रात्रभर त्यांना डिझेल पाजले. सकाळी बारापैकी नऊ सुटले आणि तिघांची मान मोडली.

पुढचा प्रश्न पाण्याचा होता. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणून पाजावे लागले, त्या शहरातल्या गृहिणीसमोर लोखंडाच्या पेटीला आंघोळ घालण्यासाठी सहा बादल्या मागणे ही सोपी गोष्ट नाही. एरवी मी एक तांब्या जास्त घेतला तरी मला त्या रेल्वेची आठवण करून दिली जाते. पण वस्तू माहेरची असल्यामुळे सहाच्या आठ बादल्या मंजूर झाल्या, आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून मी एकेक भाग त्यात बुडवू लागलो. सोड्याने तेलकटपणा सुटतो हे मला ठाऊक होते. ॲल्युमिनियम काळेठिक्कर पडते हे ठाऊक नव्हते. झाकणाची मूठ आणि तिन्ही चाव्या ॲल्युमिनियमच्या होत्या. त्या आता काळ्या आहेत, आणि मी त्या मुद्दामच तशा केल्या आहेत असे घरात सांगितले आहे.

भाजायच्या जाळ्या बिडाच्या निघाल्या. त्यांच्यावर गंजाचा असा थर होता की लाल मातीत पुरून ठेवल्या असाव्यात. मी तारेचा ब्रश आणला. पण त्याच्या तारा तुटून जाळीत अडकतात आणि पुढे घासाबरोबर पोटात जाऊ शकतात, असे वाचल्यावर तो परत ठेवला. इथे प्रथमच आईने या प्रकरणात रस घेतला. बिडाचा तवा तिने पन्नास वर्षे सांभाळला आहे. तिने नारळाचा काथ्या आणि चुलीतली राख माझ्या हातात दिली, मी दोन दिवस घासले, आणि मग तिने जाळ्यांना करडईच्या तेलाचा हात फिरवला. तेल पुसून जेमतेम चकाकी राहील एवढेच ठेवायचे, धूर निघेपर्यंत तापवायचे, निवू द्यायचे आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला जाळ्या गणपतीच्या मूषकासारख्या काळ्याभोर, गुळगुळीत दिसू लागल्या. "आता लागणार नाही," आई म्हणाली. या कामात कोणीतरी खात्रीने उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

यानंतर मी पेटीच्या तळाशी पोहोचलो, आणि इथून पुढचे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथला माल भडोचच्या बंदरातून रोमपर्यंत जात होता, आणि तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, एकावर एक किती काळाचे थर आहेत, हे मी दरवर्षी सातवीच्या मुलांना लामतुरे संग्रहालयात नेऊन दाखवतो. बार्बेक्यूच्या तळाला मी खुरपे लावले तेव्हा मला तसेच थर दिसले. सर्वांत वर पुण्याची धूळ आणि कबुतरांची पिसे, त्याखाली गंजाचे पापुद्रे, त्याखाली काळा, ठिसूळ, कोळशासारखा थर, आणि सर्वांत खाली बोटभर जाडीचे, पिवळट, चिवट असे गोठलेले चरबट. इतिहासाच्या माणसाने पुराव्याशी प्रामाणिक राहावे. मक्याच्या कणसातून आणि पनीरातून, माणसाने वीस वर्षे रोज भाजले तरी, असे काही गळत नाही. तळाच्या भोकाखाली एक पत्र्याची वाटी अडकवलेली होती. गळलेले सर्व तिच्यात जमावे, अशी ती योजना. ती वाटी मी खरवडली आणि तिच्या तळाशी अंगठ्याएवढे, दोन्ही टोकांना गाठ असलेले एक हाड निघाले.

मी मागे वळून पाहिले. पत्नी ओट्यावर बसून वांगी निवडत होती. "किती मन लावून करताय," ती कौतुकाने म्हणाली. मी त्या पुराव्याची वर्तमानपत्रात पुडी बांधली आणि संध्याकाळी झाडांना पाणी घालण्याच्या निमित्ताने कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली. उत्खननाचा अहवाल दडपणाऱ्यांवर मी आजवर वर्गात पुष्कळ टीका केली आहे. ती आता जरा कमी केली आहे.

बर्नरवर घडीचे पत्रे असतात. वरून गळणारे तेल थेट ज्योतीवर पडू नये आणि आच सगळीकडे सारखी पसरावी, हे त्यांचे काम. ते पार कुजले होते. एमआयडीसीत डाळमिलच्या चाळण्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे मी नमुना घेऊन गेलो. "सर, जीआय पत्रा लावू का, स्वस्तात बसतंय," तो म्हणाला. पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो तापला की त्याचा धूर माणसाला बाधतो, म्हणून मी स्टेनलेस स्टीलचाच हट्ट धरला. गॅसचे कोडेही त्यानेच सोडवले. तिकडची ही यंत्रे अकरा इंच पाण्याच्या दाबावर, म्हणजे सुमारे २७ मिलिबारवर चालतात, आणि आपल्या घरच्या रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलिबारने गॅस येतो. दाब जवळजवळ जुळतो. जुळत नाही ते तोंड. हे बऱ्याच सोयरिकींबद्दल म्हणता येईल. त्याने लेथवर पितळेची एक नळी कातून दिली, तिच्यावर नारिंगी सुरक्षा नळी आणि क्लिप चढवली, साबणाचा फेस लावून प्रत्येक सांधा तपासला, आणि बुडबुडा येत नाही असे दिसल्यावरच पैसे घेतले.

पहिल्यांदा पेटवताना झाकण उघडे ठेवायचे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे पेटीच्या तळाशी साचतो. एवढी काळजी मी घेतली, आणि तीच कामाला आली. पहिले दोन बर्नर निळे पेटले. तिसऱ्याची चावी फिरवून लायटर ओढला तर ज्योत वर येण्याऐवजी 'भप्प' करून चावीपाशी, म्हणजे माझ्या मनगटापाशी उगवली. हातावरचे केस गेले आणि त्यांचा वास शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला; कुंपणावरून विचारणा झाली, "सर, इस्त्री लई तापली का?"

बर्नरची नळी काढून दिव्यासमोर धरली. आत कोळ्याने कापसासारखे दाट घर बांधले होते. गॅसला पुढची वाट बंद, म्हणून तो आल्या वाटेने परत फिरला होता. काही जातींच्या कोळ्यांना इंधनाच्या वासाची ओढ असते. २०११ मध्ये एका जपानी कंपनीला अमेरिकेतल्या हजारो मोटारी केवळ पेट्रोलच्या टाकीजवळच्या नळीत कोळी जाळे विणतात म्हणून परत बोलवाव्या लागल्या होत्या. माझा कोळी ह्यूस्टनचा की पुण्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. सायकलच्या स्पोकने मी त्याचे घर रिकामे केले, हवेची झडप थोडी जास्त उघडली, आणि तिन्ही ज्योती पिवळे शेंडे टाकून निळ्या झाल्या. पत्नीने लगेच भावाला फोन लावला आणि येळवशीचे आमंत्रण दिले.

मार्गशीर्ष अमावास्येला आम्ही बार्बेक्यू, पाच किलोचा सिलिंडर, आंबिलीचे मडके आणि भज्जीचे पातेले असा सगळा पसारा घेऊन शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली. त्यानंतर मी झाकण उघडून जाळीवर वांगी मांडली आणि भाऊबंद गोल करून उभे राहिले. उघड्या रानातला वारा ज्योत सारखी आडवी करत होता, तरी वांगी भाजली गेली, साल अलगद निघाली, जाळीला काही लागले नाही. आईने भरिताचा घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि निकाल दिला, "चांगलं झालंय. पण वांग्याला कळालंच नाही भाजलं म्हणून." मग तिने उरलेली वांगी उचलून गोवऱ्यांच्या आगटीत सारली.

मेहुणा हरभऱ्याच्या बांधावर माझ्याशेजारी जेवायला बसला होता. गळ्यातली माळ सदऱ्यावर आली होती. उंडा भज्जीत मोडता मोडता त्याची नजर पुन्हा पुन्हा बार्बेक्यूकडे जात होती.

"दाजी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "त्याच्या खाली एक वाटी असते. अडकवलेली."

"होती."

"ती कुणी साफ केली?"

"मीच. एकट्यानं."

त्याने एकदा बहिणीकडे पाहिले, एकदा माझ्या आईकडे पाहिले, आणि मग तांब्या आंबिलीच्या मडक्यात बुडवून, मी नको नको म्हणत असतानाही, माझा पेला काठोकाठ भरला.