“कुठेही बोअर मारा, पाणी लागणारच”: त्या फॉरवर्डला उत्तर

मुरबाड-शहापूरला जमीन घ्यायचं खूळ सध्या आमच्या ठाण्यात प्रत्येक सोसायटीत आहे आणि त्याच्या मागोमाग एक फॉरवर्ड फिरतोय, मला या आठवड्यात चौथ्यांदा आला. म्हणे ठाणे जिल्ह्यात एवढा पाऊस पडतो की खाली कुठेही पाणी आहेच, नारळवाला, म्हणजे तळहातावर नारळ धरून पाणी शोधणारा, बोलवा, तो दाखवेल तिथे बोअर मारा, नाही लागलं तर अजून खोल जा, आणि टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, 500 मिलिग्रॅमच्या आत आले की सरळ प्या, फिल्टरबिल्टर काही नको. माझ्या मेहुण्याने मुरबाडला यातलं सगळं करून बघितलंय. पैसे त्याचे गेले, फेऱ्या माझ्या झाल्या.

आधी पाऊस. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, खरंय, पण पडणं वेगळं आणि मुरणं वेगळं. आपल्याकडे खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, तो काही वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्ये, मुरूम भरला की बाकीचं उतारावरून ओढ्याला, तिथून नदीला नि खाडीला. शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तानसा आहे, मुंबई ते पाणी पिते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पावसाच्या आकड्यावर काम भागत असतं तर हंडे घेऊन बायका रांगेत कशाला उभ्या राहिल्या असत्या?

म्हणून जमिनीचं पाणी बघायचं ते मे महिन्यात. नोव्हेंबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. आम्ही मेमध्ये बांधापलीकडच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला, 11 फूट पाणी. मेहुणा खूश. मग मालकाला विचारून पंप लावला, दोन तासात तळ दिसायला लागला, पंप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर जेमतेम तीन फूट चढलेलं. म्हणजे साठा होता पण झरे बारीक. ही टेस्ट फुकटात होते आणि ती कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसते.

आता नारळ. फॉरवर्डमध्ये वराहमिहिर या जुन्या ज्योतिषाचार्याचं नाव टाकलंय, की हे आपलं प्राचीन शास्त्र. अहो, त्याच्या बृहत्संहिता या ग्रंथात दकार्गल नावाचा अध्याय आहे खरा, पण त्यात काय आहे तर जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष, म्हणजे हात वर केलेल्या दोन माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर गोड पाणी, अशा खुणा. म्हणजे झाडं, माती, वारुळं बघा असं सांगितलंय, चूक-बरोबर पुढचं, पण ते निरीक्षण आहे, तळहातावर नारळ उभा राहण्याशी त्याचा संबंध काय? जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये काडीवाल्यांची, म्हणजे हातात काडी धरून पाणी शोधणाऱ्यांची, रीतसर परीक्षा झाली होती, 500 जणांतून 43 निवडले, एका गोठ्याच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचे आणि वरच्या मजल्यावर यांनी जागा सांगायची. बहुतेकांचे अंदाज उडवलेल्या नाण्यासारखे निघाले. आपल्याकडे नारळवाल्याचं नाव होतं कारण पावसाळ्यानंतर मुरमात कुठेही खणलं तर थोडं पाणी येतंच, मेमध्ये त्याला कोण शोधायला जातं!

त्यापेक्षा रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करून घ्या, चार सळया ठोकून करंट सोडतात, ओला भेगाळ खडक करंट जाऊ देतो, कोरडा कातळ अडवतो. गॅरंटी याचीही नाही, पण निदान काहीतरी मोजलेलं असतं.

“अजून खोल जा” हे बोअरवाल्याच्या फायद्याचं वाक्य, कारण रेट फुटावर असतो. मेहुण्याच्या बोअरला 90 फुटांवर ओला गाळ आला, त्यानंतर 280पर्यंत नुसती राखाडी कोरडी धूळ उडत होती, आम्ही नाकाला रुमाल लावून उभे, आणि गाडीवाला म्हणतोय साहेब अजून 50 मारू. धूळ म्हणजे अखंड पाषाण, त्यात भेगच नाही तर पाणी येणार कुठून. शिवाय 2009च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फूट आणि त्याहून खोल गेलं की ती खोल विहीर धरतात आणि त्यावर बंधनं आहेत. खाडीलगत असाल तर खोल जाऊन खारं पाणी लागायची भीती वेगळीच.

टीडीएसचं मात्र मला सगळ्यात भय वाटतं, कारण यात माणूस आजारी पडतो. टीडीएस मोजायचं ते पेन पाण्यातून करंट किती जातो त्यावरून विरघळलेले क्षार सांगतं, बस. जंतू त्याला दिसत नाहीत. 500 हा आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातला फक्त टीडीएसचा आकडा आहे, त्याच मानकात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि 100 मिली पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको. त्या बांधापलीकडच्या विहिरीचा टीडीएस 140 होता, मेहुण्याने तिथेच ग्लासभर प्यायलं. लॅबचा रिपोर्ट आला, ई-कोलाय पॉझिटिव्ह. वरच्या अंगाला 20 फुटांवर कुणाच्या तरी संडासाचा शोषखड्डा निघाला, निदान 50 फूट तरी पाहिजे होता आणि भेगाळ कातळात तेवढंही पुरेल असं नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जंतू मरतात, खड्डा तिथेच राहतो.

सॅम्पल देताना बिसलेरीची रिकामी बाटली नेऊ नका, लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅब आहेत, तिथे होतं.

आता दुसरी जमीन बघतोय, एजंटला म्हटलं मेमध्ये दाखव. तर म्हणतो, दादा तेव्हा ऊन लय असतं, दिवाळीतच या ना.