दुसरा चेलो

मी सोसायटीच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. दर गुरुवारी आणि एकादशीला, गेली सत्तावीस वर्षं. इतकी वर्षं ठेका धरून बसलं की कानाला एक खोड लागते. बुवा काय गातायत याकडे अर्धंच लक्ष राहतं, उरलेलं अर्धं समेकडे. बायको म्हणते, "तुम्हाला एक अभंग धड पाठ नाही, पण बुवा तिसऱ्या कडव्याला कुठे घसरले ते बरोब्बर सांगाल." खरंय.

हे सांगायचं कारण, पाश्चात्त्य अभिजात संगीत मला आवडायला लागलं ते या खोडीमुळेच. त्याआधी दोनदा नाद सोडून झाला होता.

ओळखीतले बरेच जण म्हणतात, "यात चाल कुठेय? सुरू झाली म्हणेपर्यंत गायब!" तक्रार रास्त आहे. आपला कान चालीवर पोसलेला. मोझार्टच्या ४०व्या सिंफनीचं (सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) नाव काढलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "अरे, हे तर आपल्या सलील चौधरींचं!" 'छाया' सिनेमातलं गाणं, १९६१चं. बरोबर आहे. पण मूळ सिंफनी लावून पहिले दोन सेकंद ऐका. चाल यायच्या आधीच खाली व्हिओलांची (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, जाड आवाजाचं वाद्य) लगबग सुरू झालेली असते. कुणीतरी घाईघाईने जिना चढतंय आणि दार अजून उघडायचंय, अशी. गाण्यात चाल आली, तो जिना मागे राहिला. आणि माझं म्हणणं असं की ऐकायचं ते त्या जिन्याकडे कान देऊन. जो चाल वाजवत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. तबलजीला ही जागा ओळखीची असते.

माझ्यासाठी हा प्रकार एका रचनेने उघडून दाखवला. व्हिएन्नाच्या शूबर्टचं सी मेजरमधलं स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांची रचना. पाच माणसं, कंडक्टर नाही, खोलीत मावेल एवढं संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि दोन चेलो (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य). मोझार्टने पाच जणांसाठी लिहिताना दुसरा व्हिओला घेतला होता. शूबर्टने दुसरा चेलो घेतला आणि सगळं वजन खाली नेलं. एक चेलो वर जाऊन गायला मोकळा झाला, कारण खाली जमीन सांभाळायला दुसरा आहे. पहिल्या भागात दोन्ही चेलो मिळून एक धून घेतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी डोंबिवलीला उतरायचं विसरून थेट कल्याणला गेलो होतो.

लिहिलं कधी? १८२८च्या उत्तरार्धात, व्हिएन्नात. सप्टेंबरमध्ये तो भाऊ फर्डिनांडकडे राहायला गेला होता. २ ऑक्टोबरला त्याने प्रॉब्स्ट नावाच्या प्रकाशकाला पत्र पाठवून हे क्विंटेट देऊ केलं. प्रकाशकाला त्यात रस नव्हता. १९ नोव्हेंबरला शूबर्ट गेला, वय ३१. क्विंटेट लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं १८५०मध्ये आणि छापलं गेलं १८५३मध्ये. बावीस वर्षं ते कागद कुणाच्या तरी कपाटात पडून होते. पुढे त्याच्या हातची मूळ प्रतही हरवली. आपल्याकडे बुवांच्या बंदिशींची वही त्यांच्या पश्चात कुठे गेली याच्या गोष्टी ऐकतो, त्यातलीच ही एक.

आता दुसरा भाग, अडाजिओ, म्हणजे संथ लयीचा. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते ऐकायला शिकायचं असेल तर हे एवढंच पुरे.

मधले तिघे (दुसरं व्हायोलिन, व्हिओला, पहिला चेलो) लांबच लांब स्वर धरून बसतात. इतके हळू की चाल आहे हे कळायलाच वेळ लागतो. वरून पहिलं व्हायोलिन मधूनमधून दोन-चार स्वर टाकतं, दुसऱ्या खोलीतून कुणी अर्धवट वाक्य बोलावं तसं. आणि सगळ्यात खाली दुसरा चेलो गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडतो. टुम्. मग मोठी जागा. मग पुन्हा टुम्. बस, एवढंच त्याचं काम. पण तुम्ही त्याच्याकडे कान दिला की लक्षात येतं, वरचे चौघे त्या एका बोटावर उभे आहेत. त्याने 'टुम्' जरा उशिरा टाकला तर तिघांचा श्वास लांबतो, लवकर टाकला तर सगळं घरगुती होऊन जातं. विलंबितात एकताल लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन मात्रांमधली मोकळी जागा भरायचा मोह आवरणं, हीच तिथली विद्या.

मग अचानक ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद थरथर) येते आणि वादळ सुटतं. पहिलं व्हायोलिन आणि पहिला चेलो जवळजवळ ओरडतात आणि तो शांत बसलेला दुसरा चेलो खाली खवळलेला असतो. वादळ शमून पहिली सुरावट परत येते तेव्हा मधले तिघे पूर्वीसारखेच लांब स्वर धरतात, पण दुसरा चेलो आता तसा स्वस्थ राहत नाही. खाली सळसळत राहतो. जे घडलं ते त्याने विसरलेलं नाही. हे ऐकायला मला चार वर्षं लागली, कारण त्याआधी मी वरच्या व्हायोलिनकडे बघत होतो.

रेकॉर्डिंगबद्दल दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "सर्वांत चांगलं कुठलं?" हा प्रश्नच मला आवडत नाही. तीन घ्या आणि वर्षभर तीच ऐका. माझी तीन अशी आहेत.

पहिलं १९५२चं, प्रादमधलं. फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज डोंगरात हे छोटं गाव आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये पाय ठेवायचा नाही म्हणून चेलोवादक पाब्लो कझाल्स तिथे राहायचा आणि १९५० पासून वादक तिथे त्याच्याकडे यायला लागले. यात आयझॅक स्टर्न आणि अलेक्झांडर श्नायडर व्हायोलिनवर, मिल्टन केटिम्स व्हिओलावर, कझाल्स पहिल्या चेलोवर आणि पॉल तोर्तलिए दुसऱ्या. ही काही रोज एकत्र वाजवणारी चौकडी नव्हे. कडा सुटलेल्या आहेत, आवाज खरखरीत आहे आणि मधूनमधून म्हाताऱ्या कझाल्सचा हुंकार ऐकू येतो. सत्तरी ओलांडलेला माणूस वाजवता वाजवता कण्हतोय. माझ्या मुलाला वाटलं फाइल खराब आहे. मला तो हुंकार आता रचनेचाच भाग वाटतो. समेवर येताना आमच्या बुवांच्या तोंडून निघतो ना, तसा.

दुसरं १९५१चं, हॉलिवूड स्ट्रिंग क्वार्टेट या चौकडीचं, सोबत दुसऱ्या चेलोला कर्ट रेहर. ही मंडळी खरोखरच हॉलिवूडची. फेलिक्स स्लॅटकिन आणि एलिनॉर आलर हे नवरा-बायको. तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या वाद्यवृंदात पहिला व्हायोलिनवादक, ती वॉर्नर ब्रदर्सकडे पहिली चेलोवादक. पोट सिनेमावर, आणि हौस म्हणून बीथोव्हन नि शूबर्ट. हौस म्हटलं, पण वाजवणं असं स्वच्छ की कुठे धरायला जागा नाही. रडारड अजिबात नाही. काही जणांना कोरडं वाटतं, मला नाही वाटत.

या मंडळींबद्दल वाचताना मला नेहमी आपली गोव्याची माणसं आठवतात. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये नोटेशन वाचून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे बहुतेक गोवेकर. चर्चच्या शाळेत शिकून आलेले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि १९५८मध्ये मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्राही उभा केला. आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे ते अंड्यातून बाहेर येऊन नाचणाऱ्या अमिताभमुळे. असो.

तिसरं, आल्बान बेर्ग क्वार्टेट आणि हाइनरिख शिफ, १९८२. व्हिएन्नाचेच लोक, घडी न मोडलेला सदरा. अनेकांच्या यादीत हे पहिलं असतं. मी वर्षातून एकदा ऐकतो, कौतुक करतो आणि पुन्हा कझाल्सकडे जातो.

आता सिंफनी. आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की गणपतीत चौकात जुनी गाणी म्हणणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे आधीच घोळ. त्यात एकदम ऐंशी माणसं वाजवायला लागली की कान कुठे ठेवायचा? मी ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचा (१८८५) शेवटचा भाग सांगतो. कारण सरळ आहे, त्याला आवर्तन आहे! आठ मापं, प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे चोवीस मात्रांचं एक चक्र. बाखच्या एका कांताटावरून (चर्चसाठीची गायनरचना) घेतलेली साधी चढती ओळ त्यात आहे. मग त्या चक्रावर एकापाठोपाठ एक तीस रूपं, आणि शेवटी चक्र मोडून धाव. बोटांवर मोजता येतं. मध्येच बासरी एकटीच बोलायला लागते तेव्हा मात्रांचं माप दुप्पट मोठं होतं, तिथे मी तीनदा चुकलो. कंडक्टर कार्लोस क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं १९८०चं रेकॉर्डिंग घ्या. आणि ट्रॉम्बोनवाल्यांचा विचार करा. पहिल्या तीन भागांत त्यांना एक स्वरही नाही. वाद्य मांडीवर घेऊन बसून राहायचं आणि चौथा भाग उघडतो तो थेट यांच्या तोंडाने. टाळकऱ्यांना तरी मध्ये चहा मिळतो.

प्रत्यक्ष ऐकायलाही जा. मेहली मेहतांनी १९३५ला बॉम्बे सिंफनी सुरू केली होती, २००६पासून मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तेव्हा "आपल्याकडे कुठे असतं हे" हे कारण चालणार नाही. फक्त टाळ्यांचं जपा, एकेक भाग संपल्यावर नाही, सगळी रचना संपल्यावरच वाजवायच्या. एका सभागृहात (नाव नको) चायकोव्हस्कीची सहावी ऐकत होतो. तिसरा भाग असा दणक्यात संपतो की मला वाटलं झालं, आणि मी मनापासून टाळ्या वाजवल्या. पंधरा-वीस जणांनी वाजवल्या, पण शेजारच्या बाईंनी बघितलं ते माझ्याचकडे, देवघरात चपला घालून गेल्यासारखं. नंतर वाचलं की १८१३ला बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग लोकांनी पहिल्याच प्रयोगात पुन्हा वाजवायला लावला होता. वन्स मोअर! त्या बाई तिथे असत्या तर काय केलं असतं कोण जाणे.

खरा राग मला आहे तो 'रिलॅक्सिंग क्लासिकल' नावाच्या याद्यांवर. त्यात शूबर्टचा तो अडाजिओ तोडून टाकलेला असतो, पावसाच्या आवाजाशेजारी, अभ्यासाला बसताना लावायला. वादळ आलं की लोक पुढचं गाणं लावतात. ते वादळ सोडून या रचनेत ऐकायचं काय?

गेल्या महिन्यात आमच्या पेटीवाल्या काकांना घरी बोलावून शूबर्टचं क्विंटेट लावलं. वय ७४, स्टाफ नोटेशनचा गंध नाही, पण कान म्हणजे कान. म्हटलं, काका, पेटी पुढ्यात ठेवा आणि फक्त सा कुठे आहे ते सांगत राहा. पहिला भाग पांढरी एक. अडाजिओ पांढरी तीनवर. वादळ सुटलं तसं काकांनी एकदम बोट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे पांढरी चार! शेजारचीच पट्टी, आणि एवढं परकं?" तिसऱ्या भागात नाचता नाचता मध्येच सगळं थबकून खोल जातं, तिथे म्हणाले, "काळी एक. म्हणजे आपली पट्टी." पुन्हा तेच, मूळ सा पासून अर्धा स्वर वर. शूबर्ट प्रत्येक वेळी शेजारच्या घरात जातोय आणि प्रत्येक वेळी ते घर अनोळखी निघतंय. इतकी वर्षं ऐकून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, काकांना एका दुपारी सापडलं.

चौथा भाग धावत संपतो. अगदी शेवटी पाचही जण जोरात एकाच स्वरावर येतात, पण सरळ येत नाहीत. कोमल रेला घासून सा वर. काकांनी भाता थांबवला.

"झालं?"

"झालं."

त्यांनी काळी एक दाबली, मग पांढरी एक. थोडं थांबून पुन्हा काळी एक, पांढरी एक. बायको चहा घेऊन आली तरी त्यांचं तेच चाललं होतं.