एकाच जागी राहून बघा

निसर्गात सुट्टी घालवायला निघणाऱ्यांसाठी एका लेखात दोन दिवसांत पाच ठिकाणं बघायचा बेत दिलाय, तो मला पटला नाही. शहरातल्या धावपळीला कंटाळून निघायचं आणि तिथेही घड्याळाकडे बघत पळायचं, मग विसावा मिळणार कधी? एकच जागा निवडा आणि दोन रात्री तिथेच मुक्काम करा. पहिल्या दिवशी गाड्यांचा आवाज कानात घुमतच असतो, हात सारखा मोबाइलकडे जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र फरक जाणवतो. मागच्या खेपेला मी उजाडायच्या आधी ओढ्याकाठी जाऊन बसले होते. आधी नुसती पाण्याची खळखळ. मग एक पक्षी बोलला, लांबून दुसऱ्याने साद दिली आणि बघता बघता सगळं रान जागं झालं. गवताच्या पात्यावरचा दवाचा थेंब घरंगळून खाली पडेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान ही कल्पना लोकांपुढे मांडली, तीही हीच. चढाई नाही, अंतर कापणं नाही; झाडांमध्ये सावकाश हिंडायचं, वास घ्यायचा, ऐकायचं. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ साली आला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली आहे, मन समाधानी आहे असं सांगणारे जास्त निघाले.

शक्यतो आडवारी जा. आणि स्पीकर कृपा करून नेऊ नका, त्या गोंगाटात पाखरांना एकमेकांची साद ऐकू येत नाही.