नवी वाट पाडू नका, आहे ती शोधा

पुण्यात माउंटन बाइक घेतलेल्या बहुतेकांना लवकरच एक प्रश्न पडतो: ती चालवायची कुठे? माझे उत्तर ठरलेले आहे. आपल्या टेकड्यांवर आणि माळांवर पायवाटा, ढोरवाटा, बैलगाडीचे रस्ते भरपूर आहेत, ते शोधावेत. आपल्या चाकांनी नवी वाट मात्र पाडू नये. या दुसऱ्या मुद्द्यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

शोधण्याचे काम अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर अशा वाटा दाखवलेल्या असतात आणि समोच्चरेषांवरून चढ किती उभा आहे, हे घरबसल्या समजते. मात्र वाट अजून वापरात आहे की झाडोऱ्यात बुजली, हे नकाशा सांगत नाही. ते गुराखी सांगतो. दिवे घाटाच्या वर, सासवडच्या बाजूला, “मामा, ही वाट खाली कुठे निघते?” एवढे विचारले, तरी शेत कोणाचे आहे आणि कठडा नसलेली विहीर कोठे आहे, हेही कळते. पिकातून जाऊ नये, बांध तुडवू नये आणि काट्यांचे कवाड होते तसे लावून पुढे जावे.

आता नव्या वाटेविषयी. जुन्या वाटा बहुधा उताराला आडव्या जातात, कारण ओझे घेऊन चालणारा माणूस आणि जनावर उभा चढ टाळतात. आपल्यापैकी काहींना मात्र सरळ खाली झेपावणारी वाट हवी असते. अशा उभ्या वाटेवर पावसाचे पाणी बाजूला न वळता चाकोरीतूनच धावते, मुरमावरचा मातीचा पातळ थर वाहून जातो आणि काही पावसाळ्यांत तेथे घळ पडते. मग सायकलस्वार घळीच्या शेजारून दुसरी चाकोरी पाडतात आणि गवताळ उताराचा पट्टाच उघडा पडतो. मागचे चाक घसटत ब्रेक लावल्यानेही हेच घडते. वेग वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेकनी कमी करावा.

सर्वांत जास्त वाईट वाटते ते सलग समतल चरांचे. पावसाचे पाणी अडून मुरावे म्हणून टेकड्यांवर हे चर खोदलेले आहेत आणि त्यांच्या कडेचा मातीचा भराव उडी मारण्यासाठी तयार केल्यासारखा दिसतो. तो एका जागी खचला, की चरात साठलेले पाणी तेवढ्याच फटीतून खाली सुटते. ज्या टेकडीवर आपण हौसेने जातो, तिचे पाणी आपणच पळवणे मला अक्षम्य वाटते.

पावसाळ्यात मातीच्या वाटा सोडून द्याव्यात. खडकाळ माथा लवकर सुकतो, पायथ्याची चिकणमाती सुकत नाही. टायरचा खोल ठसा उमटू लागला, की तेथूनच परत फिरावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम आहे. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची अंडी घालते, म्हणून माळावर वाट सोडून चाक घालू नये. सासवडकडच्या माळरानांवर लांडगेही आहेत; तेथे गर्दी वाढू नये म्हणून अशा भागातील आपला मार्ग स्ट्राव्हावर (सायकलफेरीचा मार्ग नोंदवणाऱ्या ॲपवर) सर्वांसाठी खुला ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अभयारण्यात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय जाताच येत नाही.

वेताळ टेकडीवर सकाळी आजी-आजोबा फिरायला येतात. तेथे वाटेवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. लांबून घंटी वाजवावी, वेग चालण्याइतका करावा आणि गरज पडल्यास उतरावे. चढणाऱ्या सायकलस्वाराला उतरणाऱ्याने वाट द्यावी. कळपाची कुत्री अंगावर आली, तर पळू नये. उतरून सायकल मध्ये धरावी आणि धनगराला हाक मारावी.

पाऊस संपल्यावर वनविभागाची परवानगी घेऊन एखादी खचलेली वाट दुरुस्त करावी, अशी माझी सर्व सायकलस्वार मित्रमैत्रिणींना विनंती आहे. वाटेवर तिरके, निम्मे जमिनीत गाडलेले मोठे दगड बसवायचे, त्यांचे खालचे टोक उताराच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे पाणी चाकोरी सोडून गवतात जाते. त्यासाठी पहार, फावडे आणि चार माणसांची एक सकाळ पुरते.