गडगा चालतो, डॉक्टरसाहेब!

‘पेशी चालते कशी?’ या माझ्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नावाआधी डॉक्टर आहे, पेशींवरच काम करतात म्हणे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅक्टिनच्या (ज्याचे तंतू पेशीला पुढे ढकलतात त्या प्रथिनाच्या) फांदीचा कोन चुकला. मी मुकादम म्हटलेलं रॅक हे प्रथिन मुकादम नव्हे, स्विच आहे. अ‍ॅक्टिन पेशीच्या पडद्याला ढकलतं कसं, ते लेखात नाहीच. मायोसिनचा, म्हणजे अ‍ॅक्टिनचे तंतू ओढणाऱ्या प्रथिनाचा, तर पत्ताच नाही. आणि शेवटचं वाक्य: “असल्या गावठी उपमांनी विज्ञान कळत नाही, बिघडतं.”

कोनाचं मान्य. मी ‘काटकोनात’ लिहिलं होतं. आर्प २/३ हे प्रथिनांचं टोळकं जुन्या तंतूवर नवी फांदी फोडतं ती साधारण ७० अंशांत. चूक कबूल करायला मला कधीच जड गेलं नाही, जुन्या वाचकांना विचारा.

आता ‘गावठी’.

साहेब, आमच्याकडे गावठी कोंबडी ब्रॉयलरपेक्षा महाग मिळते, एवढं आधी सांगून ठेवतो. माझे आजोबा गवंडी, वडील गवंडी. जांभ्याचे चिरे मी दहाव्या वर्षापासून उचललेत. पुढे ३१ वर्षं राजापूरकडच्या खेड्यांत विज्ञान शिकवलं, तेही प्रयोगशाळेच्या नावाखाली एक कपाट असलेल्या शाळांतून. तेव्हा कुठली उपमा कुणाला कळते, हे मला कुणी शिकवू नये.

मी लिहिलं होतं ते एवढंच: गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, मागच्या टोकाचे चिरे काढून पुढच्या टोकाला लावत गेलात, तर चिरे तेच राहतात आणि गडगा पुढे सरकतो. अ‍ॅक्टिनच्या तंतूत हेच चालतं. एटीपी (पेशीचं इंधन) घेतलेले रेणू पुढच्या टोकाला बसतात, बसल्यावर त्या एटीपीचं एडीपी (वापरलेलं इंधन) होतं, जुना झालेला भाग कोफिलिन हे प्रथिन तोडतं, आणि सुटे झालेले रेणू नवा एटीपी घेऊन परत पुढे. वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हंजे सर, गडगो चलता!” सगळा वर्ग हसला. त्या पोराला ट्रेडमिलिंग हा याचा शास्त्रीय शब्द आजही माहीत नसेल. काय बिघडलं त्याचं?

मुकादम की स्विच, यावर भांडण कसलं? जीटीपी (एटीपीसारखाच एक रेणू) धरलेला असेल तोवर रॅक जागा, त्याचा जीडीपी झाला की झोपला. आमचा मुकादमही दिवसभर ओरडत नसतो. जीईएफ नावाचं प्रथिन त्याला उठवतं, जीएपी नावाचं चहाला पाठवतं. चिरा तो स्वतः उचलत नाही. तो वेव्ह या प्रथिनाला सांगतो, वेव्ह आर्प २/३ ला कामाला लावतं. १९९२ साली अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल या पेशीशास्त्रज्ञांच्या कामात उंदराच्या पेशींत रॅक टोचल्यावर पेशीच्या कडेला झालरी उठल्या, आणि रो हे त्याचं भाऊबंद प्रथिन टोचल्यावर आत ताणलेल्या दोरांसारखे जुडगे तयार झाले. मुकादम बदलला, बांधकाम बदललं. स्विच म्हणा हवं तर.

बरं, भराभर सरपटणारी पेशी पाहायची तर तुमचे लोक काय उचलतात? माशाचा खवला! त्यावरची केरॅटोसाइट ही त्वचेची पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटरपेक्षा जास्त सरकते. आमच्याकडे असे खवले रोज सकाळी विळीवरून उडत असतात. १९८४ साली तर या पेशींचे केंद्रक नसलेले तुकडेसुद्धा नेटाने पुढे जात राहिलेले दिसले. म्हणजे केंद्रकाशिवाय चालता येतं. प्रतिक्रियाही लिहिता येत असावी. (हे वाक्य काढा, असं घरून सांगणं झालं. राहू दे.)

राहिला तुमचा ढकलण्याचा मुद्दा. पडदा उष्णतेने थरथरतो, क्षणभर फट पडते, तेवढ्यात नवा रेणू त्या फटीत बसतो आणि पडद्याला मागे यायला जागा उरत नाही, असं तुम्ही चांगलं दोन परिच्छेद भरून लिहिलंत. असेल. हजार शब्दांच्या लेखात काय काय कोंबायचं? मायोसिनचंही तेच. पुढे कधीतरी बघू.

“सर, तेवढा कोन तपासा” एवढं लिहिलं असतंत तरी पुरे होतं. कोन आज रात्रीच दुरुस्त करतो, लाईट आली की.