पस्तीस अंशांवर मोजलेला एसी आणि शेहेचाळीस अंशांचं नागपूर

मार्च संपत आला की सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत एसीच्या प्रत्येक दुकानावर तेच फलक लागतात. शून्य टक्के व्याज, जुना द्या नवा घ्या, फिटिंग मोफत. मी याच धंद्यात आहे, एसी बसवतो आणि दुरुस्त करतो, म्हणून हे मीच लिहायला हवं असं वाटतं. नागपूरच्या माणसाला सगळ्यात जास्त गरजेचा आकडा यातल्या एकाही फलकावर नसतो. बाहेर ४६ अंश असताना हे मशीन खोली किती थंड करेल, हा तो आकडा.

"दहा बाय बाराची खोली आहे, दीड टन पुरते ना जी?" हा प्रश्न मला सीझनमध्ये रोज येतो. खोली वरच्या मजल्यावर आहे का, स्लॅब उघडा आहे का, भिंत पश्चिमेला आहे का, हे तर विचारावं लागतंच. पण त्याच्याही आधी तो दीड टन कुठल्या उन्हात मोजलाय हे बघायला हवं. टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. ही ताकद मोजतात तेव्हा बाहेरची हवा ३५ अंशांची धरतात आणि खोलीतली २७ ची. ३५ अंश तर आपण मार्चमध्येच ओलांडतो. मे २०१३ मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. मे २०२४ मध्ये ५६ अंशांची बातमी देशभर फिरली ती सेन्सरच्या बिघाडामुळे, हे नंतर हवामान खात्यानेच सांगितलं. नागपूरच्या खऱ्या आकड्यांना अशा फोडणीची गरजच नाही.

बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं आउटडोअरला, म्हणजे एसीच्या बाहेर बसवलेल्या डब्याला, उष्णता बाहेर टाकणं जड जातं. ३५ वरून ४६ वर गेलो की ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के ताकद घटते, मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे. वीज मात्र उलट जास्त ओढली जाते. म्हणजे ज्या दुपारी घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे आणि एसीची खरी गरज आहे, त्याच दुपारी तुमच्या दीड टनाचा सव्वा टनापेक्षा जरासा जास्त उरतो.

स्टारचंही तसंच. स्टार ज्या आयएसईईआर आकड्यावरून ठरतात (वर्षभरात खाल्लेल्या विजेच्या मानाने एसी किती थंडावा देतो तो आकडा), तो काढताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलेलं असतं आणि वर्षाला १६०० तास वापर. त्यातले बरेचसे तास तिशीच्या आसपासचे. मुंबईला, बंगळुरूला, नागपूरला एकच स्टिकर. देशाची सरासरी म्हणून ते ठीक आहे आणि स्टार बघूनच घ्या, मीही तेच सांगतो. पण ४३ च्या पुढचं जग त्या हिशोबात नाही आणि आपला नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, नेमका तिथेच सुरू होतो. अजून एक गोष्ट. जुलै २०२२ मध्ये स्टारचे निकष कडक झाले, त्यामुळे आधीचा पाच स्टार नंतर चार स्टार ठरला. म्हणून नुसते तारे मोजू नका, स्टिकरवरचा आयएसईईआर आणि ते स्टार कुठल्या कालावधीचे आहेत ते वाचा. गोदामातला जुना माल सवलतीत निघतो तेव्हा तर हमखास वाचा.

मला राग याचा येतो की ४६ अंशांवर मोजायची पद्धत जगात आधीपासून आहे. आयएसओ ५१५१ या मानकात गरम प्रदेशांसाठी टी-३ नावाची वेगळी चाचणी आहे आणि तिच्यात बाहेरचं तापमान बरोबर ४६ अंश धरतात. सौदी अरेबियात एसी विकायचा तर ३५ आणि ४६ अशा दोन्ही तापमानांवर मशीन उतरावं लागतं. तिथल्या ग्राहकाला जे मिळतं ते विदर्भातल्या ग्राहकाला का मिळू नये? आपल्याकडे जाहिरातीत लिहितात, "५२ अंशांपर्यंत चालतो." चालतो म्हणजे बंद पडत नाही, एवढंच. किती थंड करतो ते त्या वाक्यात नाही. दुकानात गेल्यावर हाच प्रश्न विचारा, ४६ अंशांवर कूलिंग किती वॅट? सेल्समनला माहीत नसेल तर कंपनीकडून मागवून घ्यायला सांगा. पन्नास ग्राहकांनी विचारलं की डीलर विचारेल, आणि डीलरांनी विचारलं की कंपनीला छापावं लागेल.

आता फिटिंग. चांगलं मशीनसुद्धा फिटिंगमध्ये मारलं जातं.

गेल्या उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरात एका चौथ्या मजल्यावरच्या घरी गेलो होतो. दुपारी एकपासून चारपर्यंत एसी थंड करत नाही, रात्री ठीक चालतो, अशी तक्रार. आधीच्या मेकॅनिकने गॅस भरून पैसे घेतले होते, नंतर कॉम्प्रेसर गेलाय म्हणून सांगितलं होतं. गच्चीवर चढलो. पाच आउटडोअर दाटीवाटीने मांडलेले, आणि यांचं मशीन असं की समोरच्या दोघांची गरम हवा थेट याच्या पाठीवर. पाठीमागच्या जाळीपाशी, जिथून आउटडोअर हवा ओढतो तिथे, थर्मामीटर धरला तर आकडा पन्नाशीच्या पुढे गेला. कॉइलवर मातीचा जाड थर. कॉइल धुतली, आउटडोअर फिरवून मोकळ्या बाजूला तोंड केलं, हवेचा रस्ता न अडवता वर हिरव्या जाळीची सावली केली. कॉम्प्रेसर अजून तोच आहे आणि चालतोय. त्या घरच्या काकू नव्या एसीच्या हप्त्यासाठी बँकेत जायच्या तयारीत होत्या.

गॅसबद्दल स्पष्टच लिहितो, धंद्यातले लोक नाराज झाले तरी चालेल. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. घरातला फ्रिज वर्षानुवर्षं गॅस न भरता चालतोच ना? गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, बहुतेक वेळा फ्लेअरच्या जोडाशी, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटने आवळतात तिथे. लीक न शोधता दर एप्रिलमध्ये गॅस भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं आहे. मेकॅनिकला सांगा, आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट कर, मग पंप लावून व्हॅक्यूम काढ, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढ, मग वजनकाट्यावर तोलून गॅस भर. कुठला गॅस आणि किती, ते आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर सरळ प्रोपेनच, त्यामुळे अंदाजाने भरणाऱ्याला हात लावू देऊ नका. नवीन एसी बसवतानाही व्हॅक्यूम पंप आणलाय का ते स्वतः उभं राहून बघा. गॅस सोडूनच नळीतली हवा बाहेर काढणारे अजूनही खूप आहेत. घाईच्या दिवसांत एका मुलाकडून दिवसभर फिटिंगमागून फिटिंग करून घेतात, त्यात पंपाचा वेळ पहिला वाचवला जातो. त्या मुलांचा दोष कमी आहे. दर फिटिंगमागे पैसे ठरले की हेच होणार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४०,००० ची किंमत असेल तर सरळ ४,००० रुपये वाचतात. हे पैसे मोठ्या डिस्प्लेवर आणि वायफायवर घालू नका. चांगली तांब्याची नळी, व्हॅक्यूमसकट फिटिंग, आउटडोअरला सावली आणि गच्चीला पांढरा लेप यांवर घाला.

आणि कूलर. एसी घेतला की कूलर भंगारात द्यायची घाई करू नका. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत त्याच्याइतकं स्वस्त आणि शहाणं यंत्र नाही. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताट्यांचा (पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्यांचा) कूलर २८ अंशांच्या आसपास हवा फेकू शकतो, आणि वीज खातो एसीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी. तीही ताजी हवा, बाहेरून आत. समोरची खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. मृगाच्या पावसानंतर तो हरतो, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. तेव्हा एसी लावा. दोन्ही असतील तर महिन्याप्रमाणे वापरा, महावितरणच्या स्लॅबमध्ये फरक दिसेल.

पण कूलरच्या बाजारातही मोजमाप नाही, आणि तिथे गोष्ट जिवावर येते. पत्र्याचा डबा, त्यात पंप, पंखा, आणि बहुतेक ठिकाणी दोन पिनची वायर. पाणी, पत्रा, वीज आणि अर्थिंग नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बऱ्याचदा लहान मुलं नाहीतर ओल्या फरशीवर अनवाणी पाणी भरणाऱ्या बाया. महावितरण दरवर्षी आवाहन करतं, पेपरात दोन ओळी येतात, पुन्हा पुढच्या एप्रिलमध्ये तेच. कूलर विकणाऱ्याने तीन पिनचा प्लग आणि पत्र्याला जोडलेली हिरवी वायर दिल्याशिवाय कूलर दुकानाबाहेर जाऊच नये, असा नियम आपल्या व्यापाऱ्यांनी स्वतःहून करायला काय हरकत आहे? आणि घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवा, ज्याला आपल्याकडे ईएलसीबी म्हणतात. करंट पत्र्यात उतरला की तो क्षणात लाइन तोडतो. पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागात कुणाच्या घरी कूलरचं अर्थिंग तपासून हवं असेल तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी येऊन बघून देईन, पैसे घेणार नाही. येण्याआधी बोर्डाचा आणि कूलरच्या प्लगचा फोटो पाठवा, म्हणजे लागणारी वायर सोबत आणता येईल.