पावती दाखवा, मग मत द्या

‘नियम सगळ्यांना सारखा आहे ना, मग ओरड कसली?’ हा युक्तिवाद ऐकला की मला १८९० सालचं मिसिसिपी, अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक राज्य, आठवतं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपलं, गुलामी गेली. १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश, वर्ण किंवा आधीची गुलामी या कारणांवरून मताधिकार नाकारायला बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपीचा हायरम रेव्हल्स पहिला काळा सिनेटर झाला. नंतर जे सुरू झालं त्यात बंदुका होत्याच. १८७३च्या ईस्टरला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात, कोर्टाच्या इमारतीपाशी, काळ्यांचं हत्याकांड झालं. (त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती.)

पण मुडदे पडले की बोभाटा होतो. म्हणून पुढचं काम कारकुनांकडे गेलं.

मिसिसिपीच्या १८९०च्या घटनेत वर्षाला दोन डॉलर पोल टॅक्स, म्हणजे मतदानासाठी भरायची डोईपट्टी, होता. मागच्या दोन वर्षांचा कर निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत भरलेला हवा, आणि मत द्यायचं नोव्हेंबरात. तोवर पावती सांभाळा. वाट्याने कापूस पिकवणाऱ्या, दुकानदाराच्या वहीत कायम बुडालेल्या माणसाच्या हातात रोकड असते कधी? आणि खरी मेख पुढे आहे. हा कर वसूल करायला कुणावर फौजदारी कारवाई करायची नाही, असं त्याच घटनेत लिहून ठेवलंय! आपला कर कुणी भरूच नये अशी इच्छा असलेलं सरकार तुम्ही पाहिलंय कधी? शिवाय घटनेतलं कलम वाचून दाखवा, नाहीतर वाचलेल्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे साहेब ठरवणार. मताधिकाराच्या या कलमांत काळा-गोरा हा शब्द कुठेही नाही.

दक्षिण कॅरोलिनाने १८८२मध्येच आठ पेट्यांची शक्कल काढली होती. प्रत्येक पदाची पेटी वेगळी, चुकीच्या पेटीत चिठ्ठी पडली की मत बाद. निरक्षराने काय करायचं? लुइझियानाने १८९८ला तर बाप-आजा १ जानेवारी १८६७ला किंवा त्याआधी मतदार असेल तर परीक्षाच माफ केली. तेव्हा तिथे कुणा काळ्याचा आजा मतदार असणार होता? त्या राज्यात १८९६ला १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते, १९००ला उरले ५,३२०.

हे सगळं डेमोक्रॅटांनी, म्हणजे तेव्हाच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या पक्षाने केलं, आणि फारसं लपवूनही केलं नाही. माझा जास्त राग रिपब्लिकनांवर आहे. लिंकनचा पक्ष, काळ्यांची एकगठ्ठा मतं यांनाच. १८७६च्या वादग्रस्त निवडणुकीत त्यांचे हेझ एका इलेक्टोरल मताने (राज्यांच्या निर्वाचकांच्या मताने) राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८७७ला दक्षिणेत काळ्यांना राखणारं केंद्राचं सैन्य बराकीत परतलं. तरी १८९०ला पुन्हा संधी आली होती. दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्ष यांचेच. संसदेच्या निवडणुकांवर केंद्राची देखरेख आणणारं रिपब्लिकन प्रतिनिधी लॉज यांचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूरही झालं. सिनेटमध्ये मात्र आधी जकातीचं विधेयक मार्गी लागावं म्हणून ते बाजूला ठेवलं. मग १८९१च्या जानेवारीत चांदीच्या खाणींच्या राज्यांतले रिपब्लिकन सिनेटरच डेमोक्रॅटांना जाऊन मिळाले, आणि विधेयक संपलं.

उत्तर कॅरोलिनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ला संसदेतून बाहेर पडले. त्यानंतर दक्षिणेतून काळे प्रतिनिधी निवडून आले ते थेट १९७२ला. बार्बरा जॉर्डन आणि अँड्र्यू यंग, दोघंही डेमोक्रॅट.